कॅमेऱ्याविना छायाचित्र

छायाचित्रण शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी कॅमेरा येणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. विद्यार्थ्याची तर ती असतेच; पालकांचीही असते, कारण कॅमेऱ्याचा खर्च त्यांनी केलेला असतो. मात्र ज्या संस्थांनी आपली डार्करूम अजून टिकवून ठेवली आहे, तेथे एखादा जुन्या वळणाचा शिक्षक पहिल्या तासाला कॅमेरे कपाटात ठेवायला लावतो आणि घरून काहीबाही वस्तू घेऊन यायला सांगतो. पिंपळाचे जाळी पडलेले पान, काचेची बांगडी, सेफ्टी पिन, चहाची गाळणी, लेसचा तुकडा, मूठभर साबुदाणा. या वस्तू छायाचित्राच्या कोऱ्या कागदावर अंधारात मांडायच्या, वरून काही सेकंद उजेड पाडायचा आणि कागद रसायनात बुडवायचा. जेथे वस्तू होती तेथे कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो. अशा चित्राला ‘फोटोग्राम’ म्हणतात.

खिशातल्या मोबाइलवर दिवसाला शंभर छायाचित्रे टिपणाऱ्या पिढीला हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो केवळ हौसेचा प्रश्न नाही. डार्करूमला जागा लागते, पाणी लागते, परदेशातून येणारा महागडा कागद लागतो. अनेक संस्थांमध्ये या खोल्यांच्या जागी संगणक आले आहेत. जेथे त्या अद्याप उरल्या आहेत तेथेही त्यांचे समर्थन दर वर्षी नव्याने करावे लागते. त्यामुळे फोटोग्राम करताना विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

काळा रंग म्हणजे चांदी

सुरुवात कागदापासून करावी लागेल. कृष्णधवल छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, म्हणजे प्रामुख्याने सिल्व्हर ब्रोमाइड आणि सिल्व्हर क्लोराइडचे, सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये या कागदाला ‘ब्रोमाइड’ म्हणण्याची पद्धत पडली ती यावरूनच. या स्फटिकांवर उजेड पडला की त्यातल्या काही थोड्या कणांचे रूपांतर धातुरूप चांदीत होते. हा बदल इतका अल्प असतो की डोळ्यांना काहीच दिसत नाही. कागद पूर्वीसारखाच पांढरा दिसतो, पण त्यात प्रतिमा सुप्तावस्थेत उमटलेली असते.

ती जागी होते डेव्हलपरमध्ये. मेटॉल व हायड्रोक्विनोन या रसायनांचे हे अल्कधर्मी द्रावण उजेड लागलेल्या स्फटिकांना हेरते आणि त्यांचे संपूर्णपणे चांदीत रूपांतर करते. उजेड न लागलेल्यांना ते, निदान पहिल्या काही मिनिटांत, हात लावत नाही. अतिशय बारीक कणांच्या स्वरूपातली चांदी चकाकत नाही. ती काळी दिसते. आजीच्या लग्नाच्या फोटोतला काळा रंग म्हणजे प्रत्यक्षात चांदी, हे कळल्यावर वर्गात हमखास कुजबुज होते.

पुढचा क्रम ठरलेला आहे. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या डेव्हलपरमध्ये प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद दीड मिनिटाच्या आसपास ठेवायचा. मग सौम्य ॲसेटिक आम्लाच्या ‘स्टॉप बाथ’मध्ये अर्धा मिनिट, जेणेकरून डेव्हलपरचे काम तेथेच थांबेल. त्यानंतर फिक्सर. फिक्सरमधले सोडियम थायोसल्फेट, ज्याला जुने छायाचित्रकार ‘हायपो’ म्हणतात, ते न वापरले गेलेले चांदीचे क्षार विरघळवून काढून टाकते. त्यानंतरच कागद खोलीबाहेर नेता येतो. शेवटी वाहत्या पाण्यात धुणे. प्लॅस्टिकच्या थराचा कागद काही मिनिटांत स्वच्छ होतो. निव्वळ तंतूंच्या, जाडसर कागदाला मात्र तासभरही लागू शकतो. मुंबई-पुण्यात पाण्याची वेळ पाहूनच हे वेळापत्रक आखावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

हे सारे लाल किंवा पिवळसर-नारिंगी दिव्याच्या मंद उजेडात चालते. हा कागद निळ्या व हिरव्या उजेडाला प्रतिसाद देतो, लाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा. सेफलाइट कागदाच्या फार जवळ असेल किंवा कागद तासभर उघडा राहिला, तर पांढऱ्या भागावर राखाडी झाक येते. हल्ली त्यात नवी भर पडली आहे. विद्यार्थ्याच्या खिशातला मोबाइल उजळतो किंवा मनगटावरचे स्मार्ट घड्याळ हात वळवताच चमकते आणि ट्रेमधला कागद वाया जातो. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर या दोन्ही वस्तूही बाहेर ठेवाव्या लागतात.

सेफलाइट खरोखर सुरक्षित आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. कागदाच्या तुकड्याला हलकी राखाडी छटा येईल इतकाच उजेड द्यायचा, मग सेफलाइटखाली त्यावर नाणे ठेवून पाच मिनिटे वाट पाहायची आणि तुकडा डेव्हलपरमध्ये टाकायचा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा बदलायचा. गंमत म्हणजे ही चाचणी हाच एक फोटोग्राम आहे. ज्या खोलीत फोटोग्राम करायचे, ती खोलीसुद्धा फोटोग्रामनेच तपासली जाते.

किती सेकंद?

वस्तू मांडण्यापूर्वी विद्यार्थ्याला एक निर्णय घ्यावा लागतो, तो उजेडाच्या वेळेचा. निगेटिव्हवरून मोठे छायाचित्र करण्याचे जे यंत्र, एन्लार्जर, तेच येथे दिवा म्हणून वापरतात. फक्त त्यात निगेटिव्ह घालत नाहीत. दिवा किती वेळ लावायचा हे यंत्राची उंची, भिंगाचे छिद्र आणि कागदाचा प्रकार यांवर अवलंबून असते. म्हणून कागदाची एक पट्टी घ्यायची, ती पुठ्ठ्याने झाकायची आणि दर दोन सेकंदांनी पुठ्ठा थोडा थोडा सरकवत न्यायचा. पट्टी धुतली की तिच्यावर २, ४, ६, ८, १० सेकंदांच्या, राखाडीपासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या दिसतात.

येथे शिकाऊ विद्यार्थी बहुधा सर्वांत काळी पायरी निवडतो. शिक्षक मात्र त्याला उलट बाजूने पाहायला लावतो. समजा, ८ आणि १० सेकंदांच्या पायऱ्यांत डोळ्यांना फरकच दिसत नाही. म्हणजे कागद देऊ शकेल तेवढा काळा रंग ८ सेकंदांतच मिळाला. पुढचे २ सेकंद काळ्यात भर घालत नाहीत. ते वस्तूच्या कडांखाली शिरतात, पानाच्या पातळ भागातून झिरपतात आणि जेथे पांढरे हवे तेथे राखाडी करून टाकतात. पूर्ण काळा मिळेल इतका कमीत कमी वेळ कोणता, हे शोधणे हाच या पट्टीचा हेतू आहे.

ज्याला हे समजले त्याला मधल्या छटांचे गणितही सुटते. एकूण ८ सेकंदांपैकी ४ सेकंद झाल्यावर दिवा बंद करून बांगडी उचलली आणि उरलेले ४ सेकंद दिले, तर बांगडीची जागा राखाडी होईल. दोन्ही वेळा झाकलेली जागा पांढरी, दोन्ही वेळा उघडी असलेली काळी, एकदाच उघडी राहिलेली राखाडी. तीन-चार वस्तू आणि तीन-चार टप्पे घेतले की कोठे कोणती छटा येईल हे आधी मनात मांडावे लागते, कारण मांडणी करताना कागदावर काहीही दिसत नसते. मोबाइलच्या पडद्यावर चित्र आधी दिसते आणि मग टिपले जाते. येथे ते आधी योजावे लागते. माझ्या मते या एका कारणासाठीसुद्धा हा धडा अभ्यासक्रमात राहायला हवा.

प्रच्छाया, उपच्छाया आणि बांगडी

शाळेत ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द सर्वांनीच पाठ केलेले असतात. परीक्षेनंतर ते पुन्हा भेटत नाहीत. फोटोग्राममध्ये ते भेटतात, आणि मोजताही येतात.

पान कागदाला चिकटून असेल तर त्याची कड रेखीव येते. तेच पान काडेपेटीवर टेकवून थोडे वर उचलले की कड धूसर होते. किती धूसर, हे दिव्याच्या आकारावर ठरते. एन्लार्जरचे भिंग ५० मिलिमीटरचे असेल आणि छिद्र एफ ८ वर ठेवले असेल, तर उजेड जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीच्या छिद्रातून येतो. भिंग कागदापासून ५० सेंटिमीटरवर असताना ५ सेंटिमीटर उंच धरलेल्या वस्तूच्या कडेची उपच्छाया पाऊण मिलिमीटरहूनही कमी भरते. त्याच जागी ६ सेंटिमीटर व्यासाचा साधा बल्ब टांगला, तर ती पावणेसात मिलिमीटरच्या घरात जाते. वस्तू तीच, उंची तीच, चित्र मात्र अगदी वेगळे. ढगाळ दिवशी माणसांच्या चेहऱ्यावर मऊ सावल्या का पडतात आणि दुपारी बाराच्या उन्हात नाकाखाली काळा डाग का येतो, हे विद्यार्थ्याला पुढे स्टुडिओत शिकायचे असते. त्याचे मूळ येथे आहे.

काचेच्या वस्तूंची मजा निराळीच. स्टीलच्या पेल्याची सावली म्हणजे सपाट पांढरा गोल. काचेच्या पेल्याची सावली मात्र पाहतच राहावी अशी असते. काच उजेड अडवत नाही, वळवते. एका ठिकाणचा उजेड काढून ती शेजारी गोळा करते. जेथून काढला तेथे कागद फिका राहतो आणि जेथे गोळा झाला तेथे काळी रेघ उठते. काचेच्या बांगडीच्या पांढऱ्या वर्तुळात केसासारख्या बारीक काळ्या रेषा दिसतात, त्या अशा. पाण्याचा थेंब छोट्या भिंगासारखे काम करतो आणि स्वतःच्या फिक्या वर्तुळाच्या मध्यावर काळा ठिपका देतो. (ओली वस्तू कागदावर थेट ठेवायची नाही, मध्ये स्वच्छ काच हवी. भिजवलेला साबुदाणाही काचेवर मांडला तर मोत्यांसारखा करडा उतरतो.)

पिंपळाच्या पानाचे तर विचारूच नका. वहीत ठेवून जाळी झालेल्या पानाच्या शिरान् शिरा कागदावर उमटतात. कांद्याचा पापुद्रा किंवा माशीचा पंख एन्लार्जरमध्ये निगेटिव्हच्या जागी ठेवला, तर त्याची कित्येक पट मोठी छायाप्रतिमा मिळते आणि एन्लार्जर म्हणजे उलटा कॅमेराच, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मात्र या चित्रांचा एक स्वभाव ध्यानात ठेवायला हवा. टेबल टेनिसचा चेंडू आणि तेवढाच सपाट पत्र्याचा गोल, दोघांचीही सावली जवळजवळ सारखीच. फोटोग्राम वस्तूची बाह्यरेषा आणि तिची पारदर्शकता नोंदवतो. तिचा रंग, वजन, पृष्ठभाग याबद्दल तो मौन पाळतो. वस्तू तेथे होती, एवढे मात्र निश्चित. बातमीसोबतच्या छायाचित्राचा पुरावा म्हणून किती उपयोग करायचा, हा प्रश्न पत्रकारितेच्या विद्यार्थ्यालाही पडायला हवा. संगणकाने रचलेली चित्रे खऱ्या छायाचित्रांत मिसळू लागल्यापासून तर तो फारच निकडीचा झाला आहे.

टिकवता न आलेली चित्रे

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर फोटोग्राम हा छायाचित्रणाचा जोडधंदा नसून त्याचा आरंभ आहे. कॅमेऱ्यातली प्रतिमा कागदावर धरण्याच्या आधी वस्तूंच्या सावल्या धरण्यात आल्या होत्या. अडचण होती ती त्या टिकवण्याची.

इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभकार-उद्योजक जोसाया वेजवुड यांचा मुलगा थॉमस याने कागद आणि पांढरे चामडे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवून त्यावर पानांच्या, कीटकांच्या पंखांच्या छाया उतरवल्या. त्याचा मित्र, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने १८०२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चित्रे उत्तम येत होती. परंतु उजेडाने काळा न झालेला भागही पुढे उजेडात काळाच होत असे. त्यामुळे ती अंधारात ठेवावी लागत आणि पाहायची तर मेणबत्तीच्या किंवा दिव्याच्या मंद प्रकाशात पाहावी लागत. चित्र पाहण्यासाठी उजेड हवा आणि उजेडाने चित्र नष्ट होणार, असा हा पेच होता. वेजवुड १८०५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल याने पुढे १८१९ मध्ये शोधून काढले, आणि त्याचा छायाचित्राशी संबंध जोडला जायला १८३९ साल उजाडावे लागले.

फिक्सरमध्ये कागद दोन मिनिटे ठेवायचा की पाच, यावर कंटाळून हुज्जत घालणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकिकत अवश्य सांगावी. डार्करूममधला सर्वांत नीरस वाटणारा ट्रे हाच तो, ज्याच्याअभावी एका बुद्धिमान माणसाचे काम वाया गेले.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३४ पासून लॅकॉक ॲबी या आपल्या वाड्यात मीठ व सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर पाने आणि लेस उतरवायला सुरुवात केली. सुरुवातीला मिठाच्या तीव्र द्रावणाने आणि नंतर हायपोने तो ती चित्रे टिकवू लागला. लेसचे असेच एक चित्र त्याने काही अंतरावरून लोकांना दाखवून ते कसे वाटते असे विचारले, तेव्हा हे चित्र नसून खरीखुरी लेसच आहे, आम्ही असे फसणार नाही, असे त्याला सांगण्यात आले! हा प्रसंग त्याने स्वतःच १८३९ मध्ये नमूद करून ठेवला आहे.

ॲना ॲटकिन्स या इंग्रज विदुषीचे काम याहून चिवट. हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइपची, म्हणजे लोहक्षारांच्या निळ्या छपाईची पद्धत तिने उचलली आणि ब्रिटनमधील समुद्री शेवाळांचे शेकडो नमुने एकेक करून कागदावर ठेवत १८४३ ते १८५३ अशी दहा वर्षे त्यांचा संग्रह भागाभागाने प्रसिद्ध केला. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून त्याची नोंद होते. प्रत्येक प्रतीतले प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात धरलेले. शेवाळांची नावेसुद्धा हाताने लिहून, त्या लिखाणाची छाया पाडून उमटवलेली. शेवाळ पातळ, चपटे आणि अर्धपारदर्शक असते. फोटोग्रामला इतका अनुकूल विषय दुसरा नाही, हे तिने अचूक ओळखले होते. पुढे याच निळ्या कागदावर वास्तुशिल्पी आपले आराखडे उतरवू लागले आणि ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द रूढ झाला.

विज्ञानाच्या इतिहासातही एका छायेला मानाचे स्थान आहे. पॅरिसमध्ये १८९६ च्या फेब्रुवारीअखेर आकाश ढगाळ असल्यामुळे हेन्री बेकेरेल याने युरेनियमचे क्षार आणि गुंडाळलेली छायाचित्रणाची काच खणात ठेवून दिली. ऊन मिळाले नसल्याने फारसे काही दिसणार नाही, अशी त्याची अपेक्षा होती. तरीही त्याने काच डेव्हलप केली. ती काळवंडली होती, आणि मध्ये ठेवलेल्या धातूच्या क्रुसाची आकृती तिच्यावर उमटली होती. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो असा.

पॅरिस, शिकागो, मुंबई

कलावंतांनी फोटोग्राम हाती घेतला तो पहिल्या महायुद्धानंतर. ख्रिस्तियान शाड याने १९१९ च्या सुमारास रद्दी कपटे मांडून अशी चित्रे केली. पॅरिसमध्ये मॅन रे या अमेरिकन कलावंताच्या बाबतीत, त्याच्या आत्मचरित्रानुसार, चुकून एक कोरा कागद डेव्हलपरमध्ये पडला. तो वाया गेला असे समजून त्याने त्यावर जवळचे नरसाळे, मापाचे भांडे आणि तापमापक ठेवले आणि दिवा लावला. १९२२ मध्ये त्याने अशा बारा चित्रांचा संच काढला. पण प्रत्येक फोटोग्राम एकमेवच असल्यामुळे संचासाठी त्याला आपल्याच चित्रांची कॅमेऱ्याने छायाचित्रे घ्यावी लागली.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे नाव हंगेरियन कलावंत लास्लो मोहोली-नॉज यांचे आणि त्यांच्या बरोबरीने त्यांची पत्नी लुसिया मोहोली यांचे. १९२२ मध्ये दोघांनी हे प्रयोग सुरू केले, तेव्हा डार्करूमचे तंत्र लुसिया यांच्या हाती होते. श्रेय मात्र दीर्घकाळ एकट्या पतीच्या नावावर राहिले. १९२३ मध्ये मोहोली-नॉज जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवू लागले. फोटोग्राम हीच छायाचित्रणाची किल्ली, कारण त्यात प्रकाश थेट हाताळता येतो, अशी त्यांची धारणा होती. १९३७ मध्ये त्यांनी शिकागोत ‘न्यू बाउहाउस’ची स्थापना केली आणि तेथे जॉर्जी केपेश यांच्या प्रकाश-कार्यशाळेत विद्यार्थ्याने कॅमेऱ्याआधी फोटोग्राम करावा, असा क्रम रूढ झाला. कॅमेरे कपाटात ठेवायला लावणाऱ्या शिक्षकाच्या सवयीचे मूळ बहुतांशी येथे सापडते.

या प्रवाहाची एक शाखा मुंबईतही आली होती. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या रकमेतून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे केले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनी एका छताखाली प्रयोग करावेत, ही त्यामागची कल्पना. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्याच वर्षी बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांनी तेथे कॅमेऱ्याविना छायाचित्रे केली, लघुचित्रपटही केले. पुढे छाया आणि फिरत्या प्रकाशप्रतिमा हे त्यांच्या मांडणशिल्पांचे वैशिष्ट्य ठरले. या कार्यशाळेचे आयुष्य मोजक्या वर्षांचेच होते, आणि आपल्याकडे तिची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

खर्च आणि पर्याय

आता पुन्हा खर्चाच्या मुद्द्याकडे. कोडॅकने कृष्णधवल छपाईच्या कागदाचे उत्पादन २००५ मध्ये थांबवले. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा १९६० मध्ये स्थापन झालेला सरकारी कारखाना ‘इंदू’ या नावाने फिल्म आणि कागद बनवीत असे. आपल्याकडच्या किती तरी स्टुडिओंची भिस्त त्याच्यावर होती. तोही बंद पडला. इंग्लंडची इल्फर्ड आणि चेक प्रजासत्ताकातील फोमा अशा मोजक्या कंपन्यांचा कागद आज मिळतो, आणि आयातीमुळे त्याची किंमत विद्यार्थ्याला बोचते.

पण डार्करूममधल्या सर्व अभ्यासांत सर्वांत स्वस्त अभ्यास फोटोग्रामचाच आहे. फिल्म लागत नाही, कॅमेरा लागत नाही, एका मोठ्या कागदाचे चार तुकडे करून चार विद्यार्थ्यांचे काम भागते. मुदत उलटलेला कागदही चालतो. थोडी राखाडी झाक आली तरी धडा शिकता येतोच. पान स्कॅनरवर ठेवूनही असेच चित्र मिळते, असा युक्तिवाद केला जातो. तो पटण्यासारखा नाही. स्कॅनर पानाचा पृष्ठभाग दाखवतो, फोटोग्राम पानातून पार झालेला उजेड. शिवाय स्कॅनरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न फुकट असतात. येथे कागद महाग असल्यामुळेच विद्यार्थी उजेड देण्याआधी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने सेकंद, छिद्र आणि उंची लिहून ठेवतो. प्रत्येक छायाचित्रकाराने आयुष्यभर हायपोत हात बुडवावेत असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या सत्रातला एक आठवडा पुरेसा आहे. तेवढ्यासाठी खोली मोडण्याची घाई करू नये. एक पथ्य मात्र संस्थांनी पाळायलाच हवे. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये, साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा.

ज्यांच्याजवळ डार्करूम नाही, त्यांना ॲटकिन्सबाईंची वाट मोकळी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी केलेली द्रावणे सम प्रमाणात मिसळून चांगल्या जाड कागदावर ब्रशने लावायची, कागद अंधाऱ्या खोलीत वाळवायचा. रबरी हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघरातली भांडी वापरू नयेत. वाळलेल्या पिवळसर-हिरव्या कागदावर पान ठेवून वर काच दाबायची आणि गच्चीत उन्हात न्यायचे. दहा ते वीस मिनिटांत उघडा भाग करडा-निळा होतो. मग साध्या पाण्यात, पिवळे पाणी निघायचे थांबेपर्यंत धुवायचे. वाळल्यावर निळा रंग आणखी गडद होतो. काच दाबून बसवण्याला कारण आहे. वीस मिनिटांत सूर्य आकाशात ५ अंश सरकतो आणि १ सेंटिमीटर उंच वस्तूची सावली तेवढ्या वेळात जवळजवळ १ मिलिमीटर हलते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असेल तर वेळ कितीतरी जास्त लागतो, तेव्हा आधी एक पट्टी करून पाहावी.